हत्तीला वाट द्यायची म्हणजे नेमकं काय करायचं?

आजरा तालुक्यात माझं आजोळ. मामाचा ऊस गावाबाहेर ओढ्याकाठी, पलीकडं थोडं घनसाळ भात आणि वरच्या अंगाला काजू. एका सकाळी मामाचा फोन आला, "गणपती येऊन गेला रं रात्री." दुपारी मी पोचलो, तेव्हा मामा चिखलात उकिडवा बसून सुतळीनं पावलाच्या ठशाचा घेर मोजत होता. ऊस किती गेला हे त्यानं आधी दाखवलंच नाही. सुतळीला गाठ मारली, हातानं मापली आणि म्हणाला, "ह्याच्या डब्बल. एवढा उंच."

मामाला हे कुणी शिकवलं कोण जाणे, पण हिशेब बरोबर आहे. हत्तीच्या पुढच्या पायाच्या ठशाचा घेर दुप्पट केला की त्याची खांद्यापर्यंतची उंची निघते, थोडंफार इकडंतिकडं. मामाची सुतळी साडेचार फूट भरली. म्हणजे नऊ फुटी, पुरता वाढलेला नर. वजन चार टनांच्या आसपास धरायला हरकत नाही. ओढ्याच्या वरच्या बाजूला लीद पडली होती. मामानं तिच्यावर हात धरून पाहिला. गार होती, म्हणजे गडी लांब गेलेला. तिच्यात उसाच्या चोयट्या तशाच दिसत होत्या, कारण हत्ती जेवढं खातो त्यातलं निम्मंही त्याला पचत नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती लक्षात ठेवा.

कोल्हापूरच्या माणसाला हत्ती साधारण चार ठिकाणी भेटतो. चंदगड-आजऱ्याच्या शिवारात. उटी-म्हैसूरच्या ट्रिपला बंदीपूरच्या रस्त्यावर. कर्नाटकातल्या दुबारे किंवा सक्रेबैलच्या हत्ती कॅम्पात. आणि कालपरवापर्यंत देवळाच्या, मठाच्या दारात. पहिला आपल्याला राक्षस वाटतो, दुसरा फोटोचा विषय, तिसरा लाडका, चौथा देव. प्राणी मात्र एकच. फरक पडतो तो एका गोष्टीनं. आपण नको असलो तर त्याला तिथून निघून जाता येतं का?

आधी तो इथं आलाच कसा, ते बघू. जुन्या माणसांना विचारलं तर ती सांगतील, आमच्या लहानपणी गवा होता, अस्वल होतं, हत्ती फक्त सर्कशीत. खरं आहे. २००२ च्या सुमारास कर्नाटकातल्या खानापूर-दांडेलीच्या जंगलातून काही हत्ती सिंधुदुर्गात दोडामार्गकडं उतरले. तिलारीच्या खोऱ्यात त्यांना धरणाचं पाणी, बांबू, केळी आणि नारळ असं सगळं एकाच जागी सापडलं. तिथून घाट चढून चंदगड आणि पुढं आजरा. मूळच्या जंगलात रस्ते, खाणी, कालवे आणि धरणं होत गेली, जंगलाचे तुकडे पडले आणि हत्तींच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटा मध्येच तुटल्या. आपल्या भागातले हत्ती आजही बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. शेजारच्या कर्नाटकात मात्र ते सहा हजारांवर आहेत. २०२५ मध्ये लिदीतल्या डीएनएवरून देशभरातल्या हत्तींचा जो अंदाज जाहीर झाला, त्यात कर्नाटक ६,०१३ आणि भारत २२,४४६. याआधी २०१७ मध्ये आकडा २७,३१२ होता. लगेच 'हत्ती घटले' म्हणू नका. तेव्हाची मोजणी डोळ्यांनी पाहून केलेली होती, आताची प्रयोगशाळेत. एका तराजूचं माप दुसऱ्या तराजूला लावून चालत नाही.

आता ऊस. मोठ्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो आणि शंभर लिटरहून अधिक पाणी. पचन निम्म्याहून कमी, म्हणून जंगलात त्याचे दिवसाचे सोळा-सतरा तास नुसते खाण्यात जातात. गवत, बांबू, सालपट, डहाळ्या. झोप तीन-चार तास. आणि तुम्ही त्याच्या वाटेवर काय लावून ठेवलंय? ओळीनं उभी, पाणी दिलेली, खत घातलेली साखर. सोळा तासांची मजुरी दोन तासांत उरकते. हा हिशेब त्याला कळतो. बंदीपूरच्या पुढं कर्नाटक-तमिळनाडू सीमेवर उसाच्या ट्रकची वाट बघत हत्ती रस्त्यात उभे राहतात. हसू नका, चालत्या ट्रॉलीतला ऊस आपणही लहानपणी ओढलेला आहे.

शेतात येणारा हत्ती बहुतेक वेळा एकटा नर असतो, यालाही कारण आहे. हत्तींचा कळप म्हणजे आजी, मावश्या, लेकी आणि त्यांची पोरं. कारभार सगळा थोरल्या बाईचा. नर दहा-पंधरा वर्षांचा झाला की हळूहळू कळपाबाहेर पडतो. त्याला अंग भरायचं असतं, कारण पुढं माद्यांसाठी दुसऱ्या नरांशी टक्कर आहे. त्यामुळं धोका पत्करून चांगलंचुंगलं खाण्याकडं त्याचा ओढा जास्त. पोरं बरोबर असलेली हत्तीण सहसा एवढा धोका घेत नाही. आपल्याकडं लोक त्या एकट्या नराला 'टस्कर' म्हणतात, जणू ते त्याचं नावच. टस्कर म्हणजे नुसता सुळेवाला नर. सुळे नसलेलाही नर असतो, त्याला मखना म्हणतात, आणि सुळे नाहीत म्हणून तो गरीब असतो असं अजिबात नाही.

बातम्यांत 'पिसाळलेला हत्ती' वाचलं की मला चिडायला होतं. पिसाळतं ते कुत्रं. हत्तीला येतो मद, आणि तो रोग नाही. डोळा आणि कान यांच्यामध्ये, गंडस्थळाशी एक ग्रंथी असते. मदाच्या काळात तिच्यातून उग्र वासाचा काळपट चिकट स्राव गालावरून ओघळतो, लघवी थेंब थेंब गळत राहते, मागचे पाय ओले दिसतात. रक्तातलं नराचं संप्रेरक कित्येक पटींनी वाढलेलं असतं. हे काही आठवडे चालतं, कधी दोन-तीन महिने. या काळात नर भटकतो जास्त, खातो कमी आणि ऐकून कुणाचंच घेत नाही, माहुताचंही नाही. गालावर काळा ओघळ दिसला तर नेहमी जेवढं अंतर ठेवाल त्याच्या दुप्पट ठेवा. पण मद नसलेला हत्तीही कोंडीत सापडला की तितकाच घातक होतो. गावात जे होतं ते बहुधा कोंडीमुळं होतं.

कोंडी कशी होते, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. हत्ती रानात शिरल्याची खबर आली की अर्ध्या तासात शंभरभर माणसं जमतात. एका बाजूनं फटाके, दुसऱ्या बाजूनं मोटारसायकलींचे दिवे, तिसरीकडं मोबाईल वर करून उभी पोरं. चौथ्या बाजूला ओढा किंवा सौरकुंपण. प्रत्येकाला वाटतं, आपण त्याला हाकलतोय. हाकलायचं कुठं, हे मात्र कुणी ठरवलेलं नसतं. मग तो ज्या बाजूला गर्दी पातळ असेल तिकडून बाहेर पडतो, आणि तिथं कुणीतरी नुसतं बघायला आलेलं असतं. म्हणून गर्दीत पोचल्यावर पहिला प्रश्न हा विचारायचा: तो आला कुठून? बहुतेक वेळा त्याला त्याच वाटेनं परत जायचं असतं. ती बाजू मोकळी करायची, दिवे बंद, आवाज बंद, माणसं घरात. हत्तीला वाट देणं म्हणजे एवढंच, आणि शंभर माणसांकडून एवढं करून घेणं महाकठीण. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायला अर्धा मिनिटही लागत नाही, पण तो बऱ्याचदा व्हिडिओ काढून झाल्यावर होतो.

तो तुम्हाला ओळखतो कसा, तेही माहीत हवं. नजर बेताची, लांबचं आणि स्थिर उभं असलेलं त्याला नीट उमगत नाही. पण नाक! वास ओळखणारी जनुकं हत्तीत कुत्र्याच्या दुप्पट असल्याचं आफ्रिकी हत्तींच्या अभ्यासात दिसलंय. तुमच्याकडून त्याच्याकडं वारा वाहत असेल तर तुम्ही दिसायच्या कितीतरी आधी त्याला कळलेले असता. सोंड वर करून तिचं टोक तुमच्या दिशेला वळवलं, की समजा तुमची चौकशी चाललीय. कानाचंही तसंच. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात केटी पेन या संशोधिकेला आशियाई हत्तींच्या पिंजऱ्याजवळ हवेत काहीतरी थरथरल्यासारखं जाणवलं, ऐकू मात्र काही येईना. रेकॉर्डिंग तपासल्यावर कळलं, हत्ती माणसाच्या कानाला न येणाऱ्या, इतक्या खालच्या पट्टीत एकमेकांशी बोलत होते. असा आवाज झाडाझुडपांतून लांबवर जातो. त्यामुळं रस्त्यावर एक हत्ती दिसला म्हणजे एकच आहे, असं कधी धरू नये. बाकीचे बांबूत उभे असतील आणि त्यांचं आपसात बोलणं झालेलंही असेल.

समोरासमोर आलाच तर? निवांत हत्तीचे कान सतत हलत असतात, शेपूट हलते, तोंड चालू असतं. तुम्हाला पाहून खाणं थांबलं, कान थांबले, अंग गोठल्यासारखं झालं, की त्याला तुमची अडचण झाली. पुढची पायरी म्हणजे डोकं वर, कान पसरलेले, पायानं माती उकरणं, अंगावर धूळ उडवणं, फांदी मोडणं. तो सांगतोय, सरक. ते ऐकायचं. तोंड त्याच्याकडं ठेवून, न ओरडता, तिरकं मागं सरकत जायचं. अनेकदा तो धावूनही येतो आणि मध्येच थांबतो. हा खोटा हल्ला, नुसतं दटावणं. पण अमुक एक हल्ला खोटा आहे हे आधी ओळखायची खात्रीची खूण कुठलीच नाही. सोंड गुंडाळून, आवाज न करता येणारा जास्त गंभीर, एवढं अनुभवी माणसं सांगतात. मी तरी तपासायला थांबणार नाही.

पळायचं का? हत्ती ताशी पंचवीस किलोमीटरपर्यंत वेग घेतो, तोही ओबडधोबड रानात. आपण चपला सांभाळत पंधरा गाठले तरी पुष्कळ. नागमोडी पळा, उतारावर पळा, असले सल्ले व्हॉट्सॲपवर फिरतात. उतारावर हत्ती जपून चालतो हे खरं, पण घाबरलेला माणूस उतारावर पडतो हेही तितकंच खरं, आणि सह्याद्रीचे घाट चढून-उतरून आलेल्या हत्तीला उतार शिकवू नये. त्यापेक्षा मध्ये काहीतरी आणा. जाड बुंधा, मोठा दगड, खोल चर. हत्तीला उडी मारता येत नाही, म्हणून तर जंगलाच्या कडेनं चर खणतात. पिशवी, टॉवेल, जर्किन, हातात असेल ते मागं टाका. तुमच्या वासाची वस्तू हुंगायला तो थांबला तर तेवढे चार-सहा क्षण मिळतात.

शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात साठमारीचा खेळ चालायचा. मद आलेल्या हत्तीसमोर माणसं पायी उतरायची, त्याला डिवचायची आणि निसटायची. कोल्हापुरातल्या साठमारी या भागाचं नाव त्यावरूनच. अंगावर रोमांच येतात ऐकताना, पण त्या गड्यांसाठी मैदानात दगडी बुरूज बांधलेले होते, माणूस शिरेल आणि हत्ती शिरणार नाही असे. आपल्यासाठी संकेश्वर-बांदा रस्त्यावर असा बुरूज कुणी बांधलेला नाही.

मोटारसायकल सगळ्यात वाईट. ना आडोसा, ना मागं घेता येत. रस्त्यात हत्ती दिसला की लांबच थांबायचं, गाडी वळवून ठेवायची आणि वाट बघायची. चारचाकी असेल तर इंजिन चालू, दिवे मंद, हॉर्न नाही, मागं गाड्यांची रांग लागू द्यायची नाही. हत्तीण आणि पिल्लू रस्त्याच्या दोन बाजूंना असतील तर मधून गाडी घालणं म्हणजे स्वतःहून मरण मागणं. बंदीपुरातले रस्ते रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतात. निपाणीपासून सुसाट आलेल्या आपल्या मंडळींची तिथं चिडचिड होते, पण रात्र ही हत्तींची रस्ता ओलांडायची वेळ असते. याच बंदीपुरात ऑगस्ट २०२५ मध्ये एक पर्यटक सेल्फीसाठी गाडीतून उतरला. हत्ती मागं लागला, माणूस पडला, तुडवला गेला आणि तरी वाचला. वर पंचवीस हजारांचा दंड भरावा लागला.

सफारीला मात्र जरूर जा. मार्च ते मे या दिवसांत बंदीपूरशेजारच्या काबिनीच्या धरणाचं पाणी ओसरतं, काठावर कोवळं गवत उगवतं आणि हत्तींचे कळपच्या कळप तिथं उतरतात. तिथं बसून आजी, मावशी, पोर ओळखायचा खेळ खेळा. जीप लांब आहे म्हणून कुरकुरू नका. जवळ घे म्हणून ड्रायव्हरला पैसे देऊ नका.

आता कॅम्प आणि देऊळ. इथं एक गैरसमज दूर व्हायला हवा. गाय पाळीव आहे, हत्ती पाळीव नाही. गाय-बैलांत माणसानं हजारो वर्षं गरीब स्वभावाची जनावरं निवडून त्यांची पैदास केली. हत्तीत हे कधी घडलंच नाही. एका पिढीला वीसेक वर्षं आणि एका पिल्लाला जवळजवळ बावीस महिन्यांचं गरोदरपण, कोण थांबणार? सरळ जंगलातून पकडायचे आणि माणसाळवायचे, हीच रीत. म्हणजे कॅम्पातला हत्ती हा हुकूम पाळणारा रानटी हत्तीच. कुमकी म्हणून रानहत्ती पकडायला तो उपयोगी पडतो, सिंधुदुर्गात २०१५ मध्ये असे कर्नाटकातले कुमकी आणलेही होते. पण दुबारेला नदीत त्याला घासायला आपण रांग लावतो, तेव्हा त्याला 'आज नको' म्हणायची सोय नसते. ती सोय काढून घेतली म्हणून तो शांत दिसतो.

आणि ते डुलणं. लहानपणी मला वाटायचं, देवळासमोरचा हत्ती घंटेच्या तालावर डुलतोय. तास न् तास तोच पाय, तोच झोका. जंगलातला हत्ती असा डुलत नाही. साखळीला बांधलेला, एकटा ठेवलेला हत्ती डुलतो, कोंडलेला माणूस खोलीत येरझाऱ्या घालतो तसा. सिमेंटच्या जमिनीवर उभं राहून तळवे फुटतात, नखं कुजतात. क्षयरोग माणसाचा हत्तीला आणि हत्तीचा माणसाला होऊ शकतो, हेही सोंडेखाली डोकं देणाऱ्यांना माहीत असलेलं बरं.

आपल्या जिल्ह्यानं हे दोनदा अनुभवलंय. जोतिबाला २००७ मध्ये दिलेला सुंदर हत्ती न्यायालयाच्या आदेशानं २०१४ मध्ये बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्ट्याला गेला. मग नांदणी मठाची महादेवी, लोकांची माधुरी. १९९२ पासून ती मठात होती. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं तिला जामनगरच्या वनतारा या प्राणी केंद्रात हलवायचा आदेश दिला, २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. तिला निरोप देताना शिरोळ तालुका रडला. पुढं मोर्चे निघाले आणि नांदणीजवळच पुनर्वसन केंद्र उभारायची बोलणी सुरू झाली. मला दोन्ही बाजूंनी शिव्या बसतील, पण माझं मत असं की ते अश्रूही खोटे नव्हते आणि न्यायालयापुढं मांडलेली तिच्या पायांची दुखणीही. जीव लावला म्हणजे हत्तीणीला कळप भेटतो असं नाही. मादी हत्तीचा जन्म कळपात आणि मरणही कळपात. तीन दशकं कळपाविना काढणं म्हणजे काय, हे आपण माणसाच्या मापानं मोजलं तरी पुरे.

म्हणून कुठल्याही निवारा केंद्रात गेलात, नाव कितीही मोठं असो, तर पाटी वाचू नका, हत्ती बघा. त्याच्या पायात साखळी दिवसातून किती तास असते? आजूबाजूला दुसरे हत्ती आहेत का, आणि त्यांना एकमेकांना सोंड लावता येते का? पायाखाली माती आहे की फरशी? पाठीवर बसवतात का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो तुमच्याकडं पाठ करून झाडीत निघून गेला, तर त्याला कुणी परत बोलावतं का? परत बोलवत नसतील तर ते केंद्र चांगलं. तिकिटाचे पैसे फुकट गेले असं वाटेल, वाटू द्या.

मामाच्या उसाचा पंचनामा झाला, भरपाई आली, उशिरा आणि कमी. मामानं पुढच्या वर्षी ओढ्याकडची दोन सऱ्यांची पट्टी लावलीच नाही. शेजाऱ्यांनी वेड्यात काढलं. "त्यो त्या अंगानं येतोय, त्याच अंगानं जातोय. मधी माझी खोप कशाला?" एवढंच तो म्हणाला.

यंदा पुन्हा फोन आला. ठसा त्याच पट्टीत उमटला होता. मामानं देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवरची सुतळी काढली आणि ठशाभोवती फिरवली. गाठ चार बोटं पुढं गेली. मामानं पुन्हा मोजलं. "ह्यो त्यो न्हवं," तो म्हणाला, "पोरगं हाय ह्ये." आणि जुन्या गाठीच्या अलीकडं त्यानं दुसरी गाठ मारली.